उंच डोंगरातल्या दुर्गम नदीकाठी मुक्काम: आखणी कशी करावी

उंच पर्वतरांगांमधल्या बऱ्याच नद्या बर्फावर जगतात. दिवसभर ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात. म्हणून पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी मांडीपर्यंत चढलेलं सापडू शकतं. अशा नदीकाठी राहायला जायचं असेल, तर सामानाची यादी करण्याआधी नदीचा हा रोजचा चढउतार समजून घ्या. कोणत्या महिन्यात जायचं, घरून कधी निघायचं, तंबू कुठे लावायचा, परतीला किती दिवस राखून ठेवायचे, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

१. मोसम आणि वाट ठरवा

वसंताच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फ जोरात वितळत असतो, तेव्हा नद्या भरलेल्या असतात. उन्हाळा सरता सरता पाणी उतरतं, रात्री मात्र गार होत जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच काळ निवडावा असं मला वाटतं. थंडीला कपड्यांनी तोंड देता येतं, फुगलेल्या नदीला नाही. ज्या डोंगरात पावसाळ्याचा जोर असतो तिथे मात्र पाऊस पूर्ण ओसरल्यावरच जा.

आता उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडा. वाटेत किती ओढे आणि नद्या ओलांडायच्या आहेत, पूल कुठे आहेत, हे खुणा करून ठेवा. मुक्कामाच्या जागेच्या वरच्या बाजूला काय आहे तेही पाहा. हिमनदीच्या तोंडाशी साचलेलं तळं असेल तर ते फुटून पूर येऊ शकतो. धरण असेल तर पाणी अवेळी सोडलं जाऊ शकतं, त्याची चौकशी तिथल्या प्रशासनाकडे परवाना काढतानाच करा.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेलं गणित आजही उपयोगी आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पाठीवर जड सॅक असेल आणि हवा विरळ असेल, तर आलेल्या उत्तरात निम्म्याने भर घाला. दुपारनंतर डोंगरात ढग दाटतात, विजा होतात आणि ओढेही चढतात, त्यामुळे दुपारी दोनच्या आत तंबूच्या जागी पोहोचता येईल असा टप्पा आखा. तसं जमत नसेल तर मध्ये एक मुक्काम वाढवा.

२. उंचीचा हिशोब करा

साधारण 2500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. तुम्ही रोज पळत असाल तरीही. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, अशी तक्रार असलेल्या माणसाने आणखी वर चढायचं नाही. चालताना तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर रात्र असली तरी खाली उतरवायला लागा. शंका आली तर त्याला टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. पावलं भरकटली की वाट पाहू नका.

इथे एक गोष्ट आखणीच्या वेळीच तपासायला हवी. काही नदीकाठच्या जागा खिंड ओलांडून पलीकडे उतरल्यावर येतात. तिथून परत यायचं तर आधी चढावं लागतं आणि आजारी माणसाला चढवणं फार धोक्याचं. मुक्कामापासून नदीच्या कडेने खाली जायला वाट नसेल, तर खिंडीच्या अलीकडेच दोन रात्री राहून शरीर रुळल्याशिवाय पलीकडे जाऊ नका.

३. तंबूची जागा निवडा

पोहोचल्यावर लगेच सॅक उघडू नका. आधी पाणी गेल्या पुरात कुठवर आलं होतं ते शोधा. झुडपांच्या फांद्यांना अडकलेलं वाळकं गवत, एका रेषेत साचलेल्या काटक्या, खोडांवर चढलेला गाळ, एकाच दिशेला आडवं झालेलं गवत, या सगळ्या पूररेषेच्या खुणा आहेत. तंबू त्या रेषेच्या चांगला वर हवा. पाण्यालगतचा वाळूचा मऊ पट्टा मोह घालतो, पण ती वाळू नदीनेच आणून टाकलेली असते. पात्रातून उठून वर आलेला सपाट टप्पा पाण्यापासून निदान 60 मीटर दूर असेल तर उत्तम. त्यामुळे पाणीही स्वच्छ राहतं आणि प्राण्यांची पाण्यावर येण्याची वाटही मोकळी राहते.

मग वर बघा. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखे पसरलेले दगडगोटे दिसले तर तिथून मलबा येतो. कड्याखाली धारदार कडांचे, शेवाळ न चढलेले ताजे दगड असतील तर ते नुकतेच पडले आहेत. दरीच्या अगदी तळाच्या खोलगट जागीही नको, कारण रात्री गार हवा उतरून तिथेच साचते.

तंबू लागला की पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवा आणि झोपेपर्यंत अधूनमधून टॉर्च मारून पाहत राहा. नदीच्या आवाजात इतर आवाज बहुतेक बुडून जातात, म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते. पाणी गढूळ झालं, त्यात फांद्या वाहू लागल्या किंवा तळाचे दगड गडगडताना ऐकू आले, तर उंचावर जा. पाणी अचानक कमी झालं तर धोका त्याहून मोठा असू शकतो. वर कुठेतरी दरड कोसळून प्रवाह अडला असेल आणि तो बांध कधीही फुटेल. तेव्हा सामान गोळा करत बसू नका.

४. थंडी, चूल, पाणी

दर 1000 मीटर चढलं की तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरतं. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतील तर ‘कम्फर्ट’चा आकडा धरा आणि तो अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश तरी खालचा घ्या. मॅटकडे लोक दुर्लक्ष करतात, पण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. जमिनीची थंडी मॅटच अडवते. तिची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, 4 किंवा जास्त हवी. नदीकाठी दमटपणा असतो, तेव्हा कितीही गारठा असला तरी तंबूच्या हवेच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर सकाळी आतून पाणी टपकतं.

नुसत्या ब्यूटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपास पेटेनासा होतो. आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्या. तंबू बंद करून आत चूल कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने झोपेतच माणसं दगावली आहेत.

3000 मीटरवर पाणी जवळपास 90 अंशांनाच उकळतं. कडधान्यं तिथे शिजता शिजत नाहीत, त्यामुळे पटकन होणारं जेवण न्या. प्यायचं पाणी 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळा. हिमनदीचं पाणी दुधी दिसतं, कारण त्यात खडकाची बारीक पूड असते. तिने फिल्टर तुंबतो. रात्री भांड्यात पाणी भरून ठेवा, सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. फिल्टर एकदा गोठला की आतून फुटतो आणि ते बाहेरून कळत नाही. तो बॅटऱ्यांसोबत स्लीपिंग बॅगमध्येच घेऊन झोपा.

शौचासाठी पाण्यापासून 60 मीटर दूर 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करा, कागद परत आणा. साबण कोणताही असो, नदीत नको.

५. नदी ओलांडणं आणि परतणं

ओलांडायची वेळ पहाटेची. अरुंद जागा सोपी दिसते, पण तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं. नदी पसरून दोन-तीन फाट्यांत वाहते तिथे उतरा. बूट पायातच ठेवा, सॅकचा कमरपट्टा सोडा, काठीचा आधार घ्या आणि पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून तिरकं सरका. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा आणि दुसऱ्या पहाटेची वाट पाहा. त्यासाठीच दोन दिवसांचं जास्तीचं अन्न न्यायचं.

मोबाइलला रेंज नसणार हे धरून चाला. उपग्रह संदेश यंत्र नेणार असाल तर त्या देशात ते परवान्याशिवाय चालतं का, हे आधी पाहा. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, ही डोंगरातली मदतीची हाक. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं.

निघण्याआधी वाट, मुक्काम, सोबत्यांची नावं आणि ‘या दिवशी इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर बचाव पथकाला कळव’ असं लिहून एका विश्वासू माणसाकडे द्या. त्या तारखेत राखीव दोन दिवस धरलेले असू द्या. रेंजमध्ये आल्याबरोबर पहिला फोन त्यालाच करा.