माहितीचे पेव उघडताना : बिग डेटाची पहिली ओळख

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की तिचे पेव फुटले असे आपण म्हणतो. सांगलीच्या माणसाला हा वाक्प्रचार उलगडून सांगावा लागत नाही, कारण शेजारच्या हरिपुरात हळद साठवण्याची पेवे आहेत : जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद. २००५च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीच निकामी झाली. पण पेव कसे उघडतात हे जुन्या जाणत्यांना पक्के ठाऊक आहे. झाकण काढल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा आधी निघून जाऊ देतात. बिग डेटा, म्हणजे नेहमीच्या साधनांना न पेलणारी प्रचंड माहिती, हाताळायला शिकू पाहणाऱ्याने हीच रीत पाळावी, असे माझे मत आहे. मोठी फाइल हाती आली की लगेच सरासऱ्या आणि आलेख काढण्याची घाई न करता ती किती मोठी आहे, तिच्यात काय आहे आणि ते कोणी, कशाने, केव्हा नोंदवले, हे आधी पाहून घ्यावे.

आकारापासून सुरुवात करू. संगणक माहिती बाइटमध्ये मोजतो. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘सांगली’ या शब्दात स, काना, अनुस्वार, ग, ल आणि दीर्घ वेलांटी अशी ६ चिन्हे आहेत, म्हणून हा शब्द १८ बाइटांचा होतो. हजार बाइटांचा किलोबाइट, आणि पुढे दर पायरीला हजारपट वाढत मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट, पेटाबाइट, एक्साबाइट, झेटाबाइट. ही शिडीसुद्धा अपुरी पडू लागल्याने नोव्हेंबर २०२२मध्ये ‘रोन्ना’ आणि ‘क्वेट्टा’ हे आणखी मोठे उपसर्ग अधिकृतपणे स्वीकारले गेले. १९५६मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कची क्षमता सुमारे ५ मेगाबाइट होती आणि तिचे वजन सुमारे एक टन भरत असे. आज फोनवर काढलेला एकच फोटो कित्येकदा तेवढी जागा घेतो.

ही वाढ केवळ साठवण स्वस्त झाल्यामुळे झालेली नाही. पूर्वी माहिती नोंदवायला माणूस बसवावा लागे. आता व्यवहार होता होताच त्याची नोंद आपोआप उमटते. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये क्यूआर कोडवर भरले, तरी रक्कम, वेळ, देणारा आणि घेणारा यांची नोंद कुठेतरी राहते. एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात १००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. बिग डेटाची जी व्याख्या आजही सर्वत्र सांगितली जाते, ती माहिती-तंत्रज्ञानाचे विश्लेषक डग लेनी यांनी २००१मध्ये मांडलेल्या तीन लक्षणांवर उभी आहे : आकारमान, वेग आणि वैविध्य. माहिती फार आहे, फार भरभर येते आहे आणि एकाच साच्यात बसत नाही, असे झाले की नेहमीची साधने थकतात.

ती नेमकी केव्हा थकतात, हे हिशोब करून पाहावे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी दर तासाला एकदा नोंदवली, तर वर्षाच्या ८,७६० ओळी होतात आणि त्या कोणत्याही एक्सेल फाइलमध्ये सुखाने मावतात. तीच पातळी एखाद्या यंत्राने दर मिनिटाला नोंदवली, तर वर्षाच्या ५,२५,६०० ओळी होतील. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात, म्हणजे दोन वर्षे पुरी व्हायला जेमतेम दोन दिवस उरले असताना पान भरेल. नदीकाठी अशी शंभर यंत्रे बसवली, तर एका वर्षात सव्वापाच कोटींच्या वर ओळी जमतील. तेथे एक्सेल सोडून एस्क्यूएल (माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा) किंवा पायथन या संगणकभाषेकडे वळावे लागते; मात्र अनेक संगणकांवर चालणारी हडूपसारखी यंत्रणा तेव्हाही लागत नाही. घरचा बऱ्यापैकी लॅपटॉप एवढा भार पेलतो, आणि नवशिक्याने मोठ्या यंत्रणांच्या नावांनी दबून जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन.

खरा वेळ जातो तो निवडण-टिपण करण्यात, आणि तो द्यावाच लागतो. संगणकाला ‘तासगाव’ आणि ‘तासगांव’ ही दोन वेगवेगळी गावे वाटतात. अनुस्वाराच्या एका टिंबाने बेदाण्याची आवक दोन ठिकाणी विभागली जाते. ०५/०८/२०१९ ही तारीख आपण ५ ऑगस्ट अशी वाचतो, पण संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ती ८ मे समजतो आणि पुराची नोंद भर उन्हाळ्यात जाऊन पडते. रिकाम्या नोंदीची चूक तर मी स्वतः केली आहे, म्हणून ती आकड्यांनिशी सांगतो. समजा, पुराच्या दिवशी चार वेळा पातळी घ्यायची होती. तीन नोंदी ५२, ५३ आणि ५४ फूट अशा मिळाल्या, एक घेता आली नाही आणि त्या रिकाम्या जागी शून्य भरले. खऱ्या तीन नोंदींची सरासरी ५३ फूट येते, शून्य धरून ती ३९.७५ होते. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. म्हणजे ज्या दिवशी पाणी धोका पातळीच्या आठ फूट वर होते, तो दिवस तक्त्यात इशाऱ्याच्याही खाली दिसेल. नोंद नसेल तेथे रकाना रिकामाच ठेवावा, तेथे शून्य कधीही भरू नये.

माहिती खरोखरच एका संगणकात मावत नाही, तेव्हा ती वाटून घ्यावी लागते. गूगलच्या अभियंत्यांनी २००४मध्ये ‘मॅपरिड्यूस’ नावाने ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारे पुढे हडूप तयार झाले. मार्केट यार्डात ती सहज समजते : दिवसभराच्या हळदीचा हिशोब एकाच माणसाने करत बसण्यापेक्षा प्रत्येक अडत दुकानाने आपापला करावा आणि शेवटी सगळ्यांचे आकडे एकत्र जुळवावेत. मात्र दुकानांनी काय पाठवायचे, हे जपून ठरवावे लागते. समजा, एका दुकानात १० क्विंटल हळद सरासरी १५,००० रुपयांनी गेली आणि दुसऱ्यात ९० क्विंटल १०,००० रुपयांनी. दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर १२,५०० येतात. प्रत्यक्षात त्या दिवशीचा सरासरी दर १०,५०० आहे. म्हणून सरासरी न पाठवता एकूण रक्कम आणि एकूण वजन पाठवावे, आणि भागाकार अगदी शेवटी एकदाच करावा.

आकड्यांमधून संबंध शोधताना जमिनीवरचे ज्ञान सोडू नये. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवसांचा अभ्यास करणारा कोयना धरणाचा विसर्ग आणि महाबळेश्वर, नवजा येथील पाऊस तक्त्यात घेईलच. पण वारणा हरिपूरजवळ, म्हणजे पुलाच्या खालच्या अंगाला, कृष्णेला मिळते. तिचे पाणी चढले की वरच्या प्रवाहाला फुगवटा येऊ शकतो, हे नकाशा न पाहता काम करणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही. वारणेचा रकाना तक्त्यात घालायला हवा, हे नदी ओळखणाऱ्या माणसानेच सांगावे लागते.

लोकांची नावे, फोन आणि आधार क्रमांक असलेली यादी हाती आली, तर विश्लेषणाला नको असलेले रकाने पहिल्याच दिवशी काढून टाकावेत. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३मध्ये झाला आहे; पण कायदा नसता तरी दुसऱ्याची माहिती जपणे हे आपले कर्तव्यच ठरले असते.

सरावासाठी येत्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणारी आयर्विन पुलाची पातळी रोज एका तक्त्यात उतरवून घ्यावी. तारीख, वेळ, फूट आणि नोंद कोठून घेतली, असे चारच रकाने ठेवावेत आणि तारीख २०१९-०८-०५ अशा क्रमाने लिहावी, म्हणजे ती कोणत्याही संगणकावर एकाच प्रकारे वाचली जाईल. मूळ फाइलची एक प्रत वेगळी ठेवून तिला हात लावू नये. दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत कराव्यात आणि प्रत्येक दुरुस्ती कोणत्या दिवशी, का केली, ते शेजारच्या वहीत लिहून ठेवावे.