तंबाखूच्या कार्यक्रमाला कॅन्सरमधून उठलेला माणूस बोलावताय? मग एवढं बघा

३१ मेचा तंबाखूविरोधी दिन जवळ आला की सगळीकडे तंबाखूविरोधी कार्यक्रम लागतात, डॉक्टर येतात, स्लाइड दाखवतात, आणि मागच्या रांगेतली पोरं तिथंच बसून मळत असतात. पण त्याच टपरीवर उभा राहणारा, जबड्याचं ऑपरेशन झालेला गावातलाच काका बोलायला उठला की हात थांबतात. डॉक्टर सांगतो ते सगळ्यांना आधीच माहीत असतं हो, हा माणूस मात्र ओळखीचा असतो.

आता त्याला काय बोलायला सांगायचं? बहुतेक जण म्हणतात, ऑपरेशनचं सांगा, लोक घाबरतील. घाबरतात, पण ते तेवढ्यापुरतं. थेटरात पिक्चरच्या आधी लागायची ती भुसावळच्या मुकेश हराणेची जाहिरात आठवा, २००९ मध्ये चोविशीत गेला तो पोरगा, आणि लोकांनी त्या जाहिरातीची नक्कल करून जोक केले. म्हणून काकांना ऑपरेशनच्या आधीचं विचारा. तिखट कधीपासून झोंबायला लागलं, गालात पांढरा चट्टा कधी दिसला, तोंडात उभी तीन बोटं जायची ती दोनच कधी जायला लागली, आणि तेव्हा दुखत नाही म्हणून किती महिने अंगावर काढलं. हे ऐकताना निम्मा हॉल स्वतःची बोटं तोंडात घालून बघतो, आपल्याला हेच तर पाहिजे.

बायकांची बैठक वेगळी घ्या आणि तिथं मिसरी लावणाऱ्या ताईच बोलू देत, कारण मिसरी म्हणजे तंबाखू हे बऱ्याच जणींच्या गावीच नसतं, त्या म्हणतात आम्ही तर दात घासतो. विदर्भात असाल तर खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) म्हणा, गुटखा म्हटलं की लोक म्हणतात तो तर २०१२ पासून बंद आहे. (कुठं बंद आहे ते सगळ्यांना माहितीये.)

बोलणाऱ्याची सोय हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. ऑपरेशननंतर उच्चार स्पष्ट येत नाहीत, रेडिएशननं तोंड कोरडं पडतं, म्हणून माईक चांगला हवा, पाणी हाताशी हवं, आणि सरपंचांच्या भाषणाआधी नंबर लावा, नंतर माणसं उरत नाहीत. चारचौघांत जेवायचा आग्रह करू नका, अनेकांना लाज वाटते. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेला रोज द्या, शाल-नारळावर भागवू नका.

फोटो-व्हिडिओचं आधी घरी जाऊन विचारा, त्यांना एकट्याला आणि घरच्यांनाही, कारण मुलीचं लग्न ठरायचं असलं की घरात कॅन्सर आहे हे लोक लपवतात आणि व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही. हो म्हणाले तरी कार्यक्रमाच्या दिवशी पुन्हा विचारा, नाही म्हणाले तर विषय संपला. "मग खाल्लंच कशाला?" असं कोणीतरी विचारणारच, ते सूत्रसंचालकानं तिथंच अडवायचं.

आणि बोलणं संपलं की लगेच, त्याच हॉलमध्ये, तोंड तपासायला डेंटिस्ट बसलेला पाहिजे. पुढच्या आठवड्यात शिबिर घेऊ म्हटलं की कोणी येत नाही. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा फुकट नंबर आहे, पुड्यांवर छापलेला असतो पण पुडी वाचतंय कोण, फळ्यावर मोठ्ठा लिहून ठेवा.