पोळ्यापासून जानेवारीपर्यंत: खेड्यात राहून मॅरेथॉनचा लाँग रन कसा करायचा

आमच्या गावात (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ) पहाटे कोणी पळताना दिसला की लोक एकच विचारतात, "काय बे, पोलीस भरती हाय काय?" कारण पळणारे पोट्टे सगळे भरतीचेच. भरतीत 1600 मीटर असते, तिथं जीव तोडून पळा, पाच-सव्वापाच मिनिटांत खेळ खतम. मीही तिथूनच आलो, त्यामुळे मॅरेथॉनचं खूळ डोक्यात शिरल्यावर पहिला 20 किलोमीटरचा रन त्याच जोशात सुरू केला आणि चौदाव्या किलोमीटरला पाय असे दगड झाले की रस्त्याकडच्या गिट्टीच्या ढिगावर बसलो, खिशात एक रुपया नाही, शेवटी सोयाबीनच्या ट्रॉलीत पोत्यांवर बसून घरी आलो. ट्रॅक्टरवाला काका रस्ताभर हसून राहिला होता.

म्हणून राजेहो, लाँग रनची (म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब रनची) पहिली पायरी म्हणजे हळू पळा. किती हळू? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, "कापसाले काय भाव लागला" इथपासून "सोसायटीचं कर्ज कधी भरतं" इथपर्यंत, मधे धाप न लागता. एकटे असाल तर एखादा अभंग म्हणून पाहा. ओळ तुटली की स्पीड कमी करा. 5 किलोमीटर 25 मिनिटांत पळत असाल तर लाँग रनला किलोमीटरमागे साडेसहा मिनिटं लागली तरी चालते, मधे मिनिटभर चाललात तरी चालते. लाज वाटते हे खरं, भरतीवाले पोट्टे बाजूनं सुसाट निघून जातात, जाऊ द्या. शरीरात साठवलेली साखर जेमतेम 30 किलोमीटरच्या आसपास पुरते, जोरात पळालं की ती लवकर संपते, हळू पळालं की शरीर चरबी जास्त वापरायला शिकते. आणि मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची आहे, म्हणजे 30 च्या पुढंही बारा उरतातच.

आता वेळापत्रक. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या सुमारास असते, तिथून उलटं मोजायचं. मी तारखा लिहीत बसत नाही, सणांवर धरतो. पोळा झाला की 10 किलोमीटर (तेवढं तरी आधीपासून जमत असलं पाहिजे), दसऱ्यापर्यंत 16, दिवाळीपर्यंत 20, आणि तिथून डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत 30 ते 32. आठवड्यातून एकच लाँग रन, दर वेळी एक-दोन किलोमीटरच वाढवायचे, आणि दर चौथ्या आठवड्याला वाढवायचं सोडून उलट कमी करायचं. हा कमीचा आठवडा लोक खाऊन टाकतात, मग पिंढरी धरून बसतात. सरावात पूर्ण 42 पळायची गरज नाही, ते त्या दिवसासाठी ठेवा.

रस्ता आदल्या दिवशीच ठरवा. अंतर मोजणारं घड्याळ नसलं तरी अडत नाही, रोडच्या कडेचे किलोमीटरचे दगड आहेतच, राज्य महामार्गावर हिरव्या डोक्याचे. एका दिशेनं 15 किलोमीटर जाण्यापेक्षा गावाजवळून फिरून येणारी 5-6 किलोमीटरची फेरी धरा, काही झालं तर घर जवळ. उजव्या बाजूनं पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे, कारण हंगामात कापसाच्या ट्रॉल्यांना लाइट असेलच याचा भरवसा नाही. अंधारात पांदण रस्ता नको, तुरीतून रानडुक्कर कधी निघेल सांगता येत नाही. आणि शॉर्टकट म्हणून धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) तर अजिबात जाऊ नका, आजकाल शेताशेताला झटका मशीनची तार असते आणि ती अंधारात दिसत नाही. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबवा, उभे राहा, त्याच्या अंगावर ओरडा आणि हळूहळू चालत निघा. पावसाळ्यात काळ्या मातीतून गेलात तर एकेका बुटाला किलोकिलो गारा चिकटतो, तेव्हा डांबरी किंवा मुरमाचाच रस्ता बरा.

खाणं. आदल्या रात्री वरण-भात, पोळी, बस. तर्री-पोहे रन झाल्यावर. मी एकदा आदल्या रात्री लग्नात झणझणीत रस्सा हाणला आणि सकाळी दोनदा तुरीचा आसरा घ्यावा लागला, जास्त सांगत नाही. सकाळी निघायच्या तासभर आधी केळं आणि चहा. दीड तासाच्या वरचा रन असेल तर पाऊण तासानंतर थोडं थोडं खात राहायचं, खजूर, चिक्की, गुळाचा खडा. ताशी 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणतात, म्हणजे एक केळं आणि थोडा गूळ एवढं धरा. संत्री आपल्याकडे ढिगानं, पण उपाशीपोटी पळताना मला आंबट ढेकर येतात, तुमचं तुम्ही पाहा.

पाण्यासाठी 1 लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वरून लिंबू पिळा. चमचा चहाचा. बाटली आदल्या संध्याकाळी बाभळीखाली लपवून ठेवायची माझी आयडिया वानरांनी दोनदा उधळली, तेव्हापासून लहान भाऊ सायकलवर सोबत येतो, त्याबदल्यात रविवारचा समोसा माझ्याकडून. तहान लागेल तसं घोट घोट प्या. नुसतं साधं पाणी ढसाढसा पिऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन जीवावर बेतू शकते. खिशात पन्नास रुपये आणि मोबाइल असू द्या, ट्रॉली दर वेळी मिळत नाही.

मांड्यांच्या मधे, काखेत, आणि पुरुषांनी छातीलाही व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा. नाही चोळलं तर अंघोळीच्या पहिल्या तांब्याला समजेल.

ऑक्टोबरचं ऊन विसरू नका, नऊच्या आत घरी यायचं असेल तर चार-साडेचारला उठणं आलं. चक्कर, मळमळ, अंगावर काटा, किंवा छातीत दुखलं की तिथंच थांबा, सावली धरा, फोन करा. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील तर चालते, पण एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं असेल तर पळणं बंद आणि डॉक्टर.

रन संपला की लगेच ओट्यावर बसू नका, दहा मिनिटं चाला. तासाभरात जेवा, अंडी किंवा मटकीची उसळ, दही-भात. त्या दिवशी फवारणी, वेचणी, पोती उचलणं काढू नका, घरच्यांना शनिवारीच सांगून ठेवा. 32 चा झाला की पुढचे रविवार 22, मग 13-14, मग थेट मॅरेथॉन. बूट या आठवड्यांत नवे घेऊ नका, पायाची नखं मात्र कापा.