साळ नदीतलं प्लास्टिक ड्रोनने मोजताना

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. आमची गोव्यातली साळ भरतीला स्वच्छ भासते. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांत अडकलेल्या दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या उघड्या पडतात. ओहोटी आणि सकाळची तिरपी उन्हं जुळतील तो दिवस मी धरते. दुपारी पाण्याची चकाकी फोटोत प्लास्टिकसारखीच पांढरी उमटते.

डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, म्हणजे उडवायला आगाऊ परवानगी न लागणारा, भाग तपासा. उंची तीसेक मीटर, कॅमेरा सरळ खाली, लागोपाठच्या फोटोंत 70-80 टक्के भाग सामाईक. मार्ग सेव्ह करून दर खेपेला तोच उडवा, नाहीतर तुलनाच होत नाही.

खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, मानशीपाशी (पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापाशी) मात्र होडीने जाऊन हाताने मोजाच. तिथे पिशव्यांचे थर साचतात, वरून एकच दिसते. घारी घिरट्या घालू लागल्या तर ड्रोन लगेच उतरवा.