लाइव्ह सर्व्हर बंद न करता पोस्टग्रेसची रेप्लिका उभी करताना

पोस्टग्रेस या डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सतत ताजी राहणारी प्रत, उभी करायला (यालाच रेप्लिकेशन म्हणतात) चालता सर्व्हर थांबवावाच लागतो, हा समज आधी सोडा. पोस्टग्रेस १० पासून वॉल_लेव्हल (वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) मुळातच 'रेप्लिका' आणि मॅक्स_वॉल_सेंडर्स, म्हणजे वॉल पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा, १० असते. लिसन_अॅड्रेसेस (सर्व्हर कोणत्या पत्त्यांवर जोडण्या घेतो) मात्र 'लोकलहोस्ट'च, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं, राहिलं असेल, तर ते बदलायला एक रीस्टार्ट लागतो. तेवढा रात्री उरकून घ्या.

दोन्ही मशीनवर पोस्टग्रेसची मेजर आवृत्ती एकच हवी. ऑपरेटिंग सिस्टिमही एकच ठेवा. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले. एकीकडे त्याआधीची आणि दुसरीकडे नंतरची ग्लिबसी असली, की मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स रेप्लिकावर दगा देतात. एरर येत नाही, टेबलात असलेली ओळ फक्त सापडत नाही.

प्रायमरीवर, म्हणजे मूळ चालत्या सर्व्हरवर, लॉगिन आणि रेप्लिकेशन हे दोनच हक्क असलेला वेगळा युजर करा. मग कोणी कुठून जोडायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये ओळ घाला: होस्ट, रेप्लिकेशन, युजर, रेप्लिकाचा आयपी/३२, स्क्रॅम-शा-२५६ (पासवर्ड तपासण्याची पद्धत). डेटाबेसच्या जागी 'ऑल' लिहून भागत नाही, 'रेप्लिकेशन' हाच शब्द लागतो. बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात. बदलानंतर रीलोड पुरे.

आता रेप्लिकावर पोस्टग्रेस थांबवून डेटा डिरेक्टरी रिकामी करा. एंटर दाबण्यापूर्वी होस्टनेम दोनदा वाचा. हीच कमांड प्रायमरीवर चालली तर सगळं संपलं. मग पोस्टग्रेस युजरनेच पीजी_बेसबॅकअप (प्रायमरीची पूर्ण प्रत आणणारी कमांड) चालवा: वॉल 'स्ट्रीम', कॅपिटल सी आणि कॅपिटल एस देऊन नवा स्लॉट (रेप्लिकाने वॉल कुठवर घेतली याची प्रायमरीवरची नोंद), आणि कॅपिटल आर. कॅपिटल आर दिल्यावर स्टँडबाय.सिग्नल फाइल आणि जोडणीची माहिती आपोआप लिहिली जाते. सुरुवातीला काही मिनिटं काहीच हललं नाही तर घाबरू नका, चेकपॉइंटची, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरण्याची, वाट पाहिली जात असते. चेकपॉइंट 'फास्ट' दिलात तर ती टळते, पण डिस्कवर एकदम ताण येतो. गर्दीच्या वेळी मॅक्स-रेट सेकंदाला ३० एमबीच्या आसपास बांधून द्या.

खरा धोका स्लॉटचा. रेप्लिका बंद पडली, तरी स्लॉट तिच्यासाठी वॉल फाइली प्रायमरीवर साठवत राहतो. डिस्क भरली की प्रायमरीच कोसळते, म्हणजे ज्याला जपायचं तोच सर्व्हर जातो. आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, पण मुळात त्याला मर्यादाच नसते. डिस्कची मोकळी जागा बघून पहिल्याच दिवशी आकडा घाला. मर्यादा ओलांडली तर रेप्लिका नव्याने घ्यावी लागेल, हे मान्य करूनच. रेप्लिका कायमची काढलीत, तर स्लॉटही काढा.

रेप्लिका सुरूच झाली नाही, तर लॉग उघडा. मॅक्स_कनेक्शन्स प्रायमरीपेक्षा कमी ठेवलेलं असणं हे नेहमीचं कारण. सुरू झाल्यावर प्रायमरीवर पीजी_स्टॅट_रेप्लिकेशनमध्ये 'स्ट्रीमिंग' दिसायला हवं.

रेप्लिकावरचे लांबलचक रिपोर्ट मध्येच तुटू लागले, तर मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले (चालू क्वेरीसाठी रेप्लिका नवे बदल किती वेळ रोखून धरते) ३० सेकंदांवरून वाढवा. रेप्लिकाला अजून कोणत्या ओळी लागतात ते प्रायमरीला कळवणाऱ्या हॉट_स्टँडबाय_फीडबॅकनेही काम होतं, पण मग मेलेल्या (जुन्या झालेल्या) ओळी प्रायमरीवर साचत जातात.