कुशीवर वळलं की खोली गरगरते: माझा अनुभव

अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरायची, अर्ध्या मिनिटात थांबायची. ऐकू नीट येत होतं. पित्त समजून आलेपाक खाल्ला, चष्म्याचा नंबर तपासला, मानेला पट्टा बांधला. चकरेच्या गोळ्यांनी नुसती झोप आली. तीन आठवडे नुसता वैताग!

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर पाहिली. आतल्या कानातले कॅल्शियमचे कण तोल सांभाळणाऱ्या मागच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत सरकले होते. डोळे म्हणतात स्थिर, कान म्हणतो फिरतोय. मेंदूनं ऐकायचं कुणाचं?

उपाय एप्ली नावाच्या डॉक्टरांच्या पद्धतीचा. उजव्या कानासाठी: पलंगावर पाय पसरून बसा, मान ४५ अंश उजवीकडे. तशीच ठेवून झटकन उताणे व्हा; उशी खांद्यांखाली, डोकं किंचित मागे झुकलेलं. गरगर थांबल्यावरही ३० सेकंद थांबा (माझी घाई इथेच नडली होती). डोकं न उचलता ९० अंश डावीकडे, ३० सेकंद. मग अंगासकट डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा ३० सेकंद. हनुवटी खाली ठेवून त्याच बाजूनं सावकाश उठा.

पहिली खेप दवाखान्यातच केली, दुसरीनंतर गरगर गेली. डाव्या कानाला दिशा उलट. बोलणं अडखळत असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर हे करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.