स्मार्टवॉचमधील आरोग्य सुविधा आपल्या देशात चालेल का, हे खरेदीपूर्वी कसे तपासावे

अमेरिकेतून किंवा दुबईहून नातेवाइकांकरवी मागवलेल्या स्मार्टवॉचमध्ये ईसीजी किंवा रक्तदाबाची सुविधा सुरूच झाली नाही, की घड्याळ सदोष आहे असा समज होतो. पुष्कळदा घड्याळात काहीही दोष नसतो. ती सुविधा त्या देशात, किंवा त्या देशासाठी बनवलेल्या घड्याळात, वापरण्यास सरकारी मंजुरी मिळालेली नसते. मंजुरी घड्याळाला सरसकट मिळत नाही. ती विशिष्ट सुविधेला, त्या सुविधेविषयी कंपनी करत असलेल्या विशिष्ट दाव्याला आणि एकेका देशापुरती मिळते, हे ध्यानात ठेवले तर पुढची सगळी तपासणी सोपी होते.

म्हणून आधी आपल्याला नेमकी कोणती सुविधा हवी आहे, ते ठरवावे. पावले, झोपेचे तास, नाडीचे ठोके या गोष्टी बहुतेक देशांत सर्वसाधारण तंदुरुस्तीच्या सदरात मोडतात आणि त्यांना वैद्यकीय मंजुरी लागत नाही. पण तेच घड्याळ ‘हृदयाची लय अनियमित दिसते, एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याच्या विकाराची) शक्यता आहे’ असे सांगू लागले, की त्यातील सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरण ठरते. ईसीजी, अनियमित लयीची सूचना, रक्तदाब आणि स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणे) या चार सुविधांबाबत विशेष चौकशी करावी, कारण रखडतात त्या प्रामुख्याने याच.

हा उशीर किती असू शकतो, याचे उत्तम उदाहरण अ‍ॅपल वॉचच्या ईसीजीचे आहे. सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील अन्न व औषध प्रशासनाने, या सुविधेला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये ती तिथे सुरू झाली. युरोपातील अनेक देश व हाँगकाँग येथे ती मार्च 2019 मध्ये पोहोचली, भारतात सप्टेंबर 2019 मध्ये आणि जपानमध्ये थेट जानेवारी 2021 मध्ये. ऑस्ट्रेलियालाही 2021 उजाडण्याची वाट पाहावी लागली. जपानी ग्राहकांच्या मनगटावर तोच सेन्सर दोन वर्षांहून अधिक काळ नुसता बसून होता. भारताचा क्रमांक जपानच्या आधी लागला याचे आश्चर्य वाटायला नको, कारण त्या काळी आपल्याकडे मोजकीच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत होती. सॉफ्टवेअरसह सर्व वैद्यकीय उपकरणांना औषध कायद्याखाली आणणारी अधिसूचना फेब्रुवारी 2020 ची असून ती त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू झाली.

सगळे आधी अमेरिकेत येते, हा समजही सोडावा. सॅमसंगच्या घड्याळातील रक्तदाबाच्या सुविधेला दक्षिण कोरियाने एप्रिल 2020 मध्ये मंजुरी दिली, मात्र त्यानंतरही अनेक वर्षे अमेरिकेतील ग्राहकांना ती मिळाली नव्हती.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. कंपनीच्या संकेतस्थळावर सुविधांची देशवार उपलब्धता दिलेली असते. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनापेक्षा ती यादी पाहावी. ‘ईसीजी’ आणि ‘अनियमित लयीची सूचना’ या दोन वेगळ्या नोंदी असतात, एकीला मंजुरी असून दुसरीला नसणे सहज शक्य आहे. घड्याळाचे मॉडेलही जुळले पाहिजे. यादीखालच्या बारीक अक्षरातील टिपा टाळू नयेत, कारण खरी अट बहुधा तिथेच असते: सॅमसंग आपल्या टिपेत सांगते की ही सुविधा सेवा उपलब्ध असलेल्या देशात विकत घेतलेल्या उपकरणांवरच चालते आणि सेवा नसलेल्या देशात प्रवासाला गेल्यावर तिच्यावर मर्यादा येऊ शकतात. वयाची अटही पाहावी. अ‍ॅपलचे ईसीजी 22 वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठीच आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलीसाठी त्या कारणाने घड्याळ घेण्यात अर्थ नाही.

कंपनी फारशी परिचित नसेल तर नियामकाकडील नोंद शोधणे आवश्यक ठरते. अमेरिकेसाठी एफडीएच्या संकेतस्थळावरील ‘510(के)’ आणि ‘डी नोव्हो’ या दोन सूचींमध्ये कंपनीचे नाव टाकून पाहावे. आधीपासून बाजारात असलेल्या उपकरणाशी साधर्म्य दाखवता आले तर पहिला मार्ग, आणि तसे उपकरणच नसेल तर दुसरा, अधिक वेळ खाणारा मार्ग, अशी ही विभागणी आहे. खोक्यावरील ‘एफडीए रजिस्टर्ड’ या शब्दांना भुलू नये. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, हे एफडीएच वारंवार सांगत आली आहे. शिवाय ही एफडीए अमेरिकेची; महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा त्या शिक्क्याशी काहीही संबंध नाही.

युरोपात ‘सीई’ चिन्ह जवळपास प्रत्येक विजेच्या वस्तूवर असते, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वैद्यकीय दाव्यासाठी त्या चिन्हाशेजारी चार अंकी क्रमांक आहे का, ते पाहावे. तो तपासणी करणाऱ्या अधिकृत त्रयस्थ संस्थेचा असतो. मे 2021 पासून लागू झालेल्या नव्या युरोपीय नियमांनी निदानाशी संबंधित बहुतेक सॉफ्टवेअरला वरच्या, म्हणजे अधिक जोखमीच्या, वर्गात ढकलले, आणि या संस्थांपुढे रांग लागली.

भारतात आयात उपकरणाचा परवाना केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, देते. परदेशी कंपनीला येथे अधिकृत प्रतिनिधी नेमून त्याच्यामार्फत ‘एमडी-14’ अर्ज करावा लागतो आणि मंजूर झाल्यास ‘एमडी-15’ परवाना मिळतो. कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गातील उपकरणांना ऑक्टोबर 2022 पासून आणि अधिक जोखमीच्या क व ड वर्गातील उपकरणांना ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला आहे. तेव्हा अ‍ॅपमधील माहितीच्या पानावर किंवा सोबतच्या पत्रकात आयातदाराचे नाव आणि परवाना क्रमांक शोधावा, न सापडल्यास ग्राहक सेवेला लेखी विचारावे. उत्तर लेखीच मागावे.

प्रत्येक बंद सुविधेमागे आरोग्य नियामकच असतो असेही नाही. अमेरिकेत जानेवारी 2024 पासून नव्या अ‍ॅपल वॉचमधील रक्तातील ऑक्सिजनचे मापन बंद ठेवून विक्री करावी लागली, ती मासिमो कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादामुळे. ऑगस्ट 2025 मध्ये गणना आयफोनवर होईल अशी नवी रचना करून ती सुविधा तिथे परत आली. इतर देशांतील घड्याळांवर या वादाचा परिणाम झाला नव्हता.

सुई न टोचता रक्तातील साखर सांगणाऱ्या घड्याळांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मंजुरी ‘रखडली’ आहे असे विक्रेते सांगतात, परंतु फेब्रुवारी 2024 मध्ये एफडीएने स्पष्ट केले की असे एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, आणि चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन घेतल्यास जिवावर बेतू शकते असा इशाराही दिला. असे घड्याळ घेऊच नये.

‘लवकरच उपलब्ध’ या दोन शब्दांवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे. आज जी सुविधा चालते तिचीच किंमत मोजावी. बंद सुविधा उघडण्यासाठी इंटरनेटवर फिरणारी बदललेली अ‍ॅप टाकण्याचा मोहही टाळावा. त्यातून येणाऱ्या आकड्याची जबाबदारी कोणाचीच नसते आणि आपल्या आरोग्याची माहिती कुठे जाते, हे कळायला मार्ग नसतो. रक्तदाबासाठी तर दंडाला पट्टा गुंडाळायचे यंत्र घरात असलेले बरे. सॅमसंगच्या घड्याळालाही दर 28 दिवसांनी तशाच यंत्राशी पडताळून घ्यावे लागते, म्हणजे ते विकत घेणे काही चुकत नाही.

घड्याळ हाती आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, हवी ती सुविधा स्वतःच्या फोनशी जोडून शेवटच्या टप्प्यापर्यंत सुरू करून पाहावी. ईसीजी असेल तर एक नोंद घेऊन तिची पीडीएफ निघते का आणि ती आपल्या डॉक्टरांना पाठवता येते का, हे त्याच वेळी तपासावे.